मदत हवी: एकाच रेषेवर दोन फेऱ्या, तळ मात्र वेगवेगळा

पवनीकर
गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये आरओव्हीने (केबलने चालणारा पाण्याखालचा रोबो) तळाचा नकाशा करतोय. एकाच रेषेवर दोन फेऱ्या मारल्या, तळात १६ सेमीचा फरक. सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र) ठीक आहे. परवा डेटा द्यायचा आहे, लवकर सांगा.

गाळमोजणी
भाऊ, सोनार सिंगल बीम (सरळ खाली एकच झोत) की मल्टिबीम (पंख्यासारखे अनेक झोत)? आरओव्ही किती खोलीवरून चालवला? तळ सपाट की उताराचा? कोणती फेरी उथळ दाखवते?

खारंपाणी
मल्टिबीम असेल तर आधी पॅच टेस्ट करा, म्हणजे सोनार किती तिरका बसलाय ते तपासा. रोल (बाजूचा कल) १ अंश चुकला तरी १० मीटर खोलीत ६० अंशांच्या बीमवर ३० सेमीची चूक येते. आणि पाण्यातला आवाजाचा वेग मोजा, समुद्रात त्याशिवाय कोणी सोनार चालू करत नाही.

पवनीकर
सिंगल बीम, ११५ किलोहर्ट्झ, झोताची रुंदी २५ अंश. आरओव्हीची खोली अधिक सोनारचं अंतर, म्हणजे तळ. २ मीटर खोलीवरून १०.९५ आला, ८ मीटर खोलीवरून १०.७९. तळ सपाट, पाणी २६ अंश, आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर ठेवलाय.

झाडीपट्टी
११ मीटर पाण्याला आरओव्ही कशाला? नावेच्या बाजूला दांड्यावर ट्रान्सड्यूसर (सोनारचा आवाज सोडणारा भाग) बांधा, वर आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक) जीपीएस. खोलीचा सेन्सर लागतच नाही. तिथं बुडालेली झाडं आहेत जी, टेथर (आरओव्हीची केबल) अडकला की दिवस गेला.

खारंपाणी
नावेवरून २५ अंशांचा बीम ११ मीटरवर जवळपास ५ मीटरचं वर्तुळ व्यापतो, त्यात खड्डे बुजून जातात. तळापासून ३ मीटर उंचीवरून तेच वर्तुळ साधारण १.३ मीटरचं होतं. म्हणूनच खाली जायचं. पण वेग तपासाच.

गाळमोजणी
वेग नाही. गोड्या पाण्यात २६ अंशाला तो १५०० च असतो. शिवाय वेग चुकला असता तर जास्त उंचीवरची फेरी जास्त बिघडली असती. इथं खोल गेलेली फेरी उथळ येते, म्हणजे दोष आरओव्हीची खोली मोजणाऱ्या दाबाच्या सेन्सरकडे. आरओव्हीच्या सेटिंगमध्ये ‘बॅरो स्पेक ग्रॅव्ह’ (पाण्याची सापेक्ष घनता) १.०२४ वर आहे का? ते खाऱ्या पाण्याचं मूल्य. गोड्याला १.० हवं.
खात्री अशी करा: पृष्ठभागावर सेन्सर शून्य करा, आरओव्हीला न ताणणारा टेप बांधा, सेन्सरच्या छिद्रापासून मोजून ५ मीटर सोडा. टेप उभा हवा, थ्रस्टर (आरओव्ही ढकलणारे पंखे) बंद. ४.८७ दिसलं तर हेच कारण.

ढिवरटोली
याच सोनारवर मासे दिसतात का? मरळ तळाशी बसते का तेवढं सांगा.

झाडीपट्टी
थवा आडवा आला की तळ अचानक वर उडी मारतो. असे बिंदू नकाशातून काढा, नाहीतर उंचवटा समजाल.

पवनीकर
४.८७ च आलं! सेटिंग १.० केली, आता ४.९८. जुन्या फेऱ्या पुन्हा माराव्या लागतील का?

गाळमोजणी
नाही. लॉगमधली फक्त आरओव्हीची खोली १.०२४ ने गुणा, सोनारच्या अंतराला हात लावू नका. मग बेरीज. दोन्ही फेऱ्या २-३ सेमीत जुळतील. अन् दोन्ही फेऱ्यांच्या वेळची धरणाची पाणीपातळी घ्या, दारं उघडली असतील तर तेवढा फरक वेगळा निघेल.

खारंपाणी
आणि वरचा गाळ मऊ असेल तर ११५ किलोहर्ट्झचा तळ म्हणजे गाळाचा माथा. खालची कठीण जमीन हवी असेल तर ३३ किलोहर्ट्झच्या आसपासची फ्रिक्वेन्सी लागेल.