मदत हवी आहे: प्रोजेक्टरसाठी कोणती केबल? सोमवारी सीलिंग बंद होतंय

पहाटवारा
हॉलमध्ये ४के प्रोजेक्टर लावलाय. दुकानदाराने दिलेली एचडीएमआय केबल जोडली, खोक्यावर ४के लिहिलंय, गोल्ड प्लेटेड आहे. पण सिनेमा लावला की पाच-दहा मिनिटांनी पडदा काळा होतो, दोन सेकंदांनी परत येतो. अंधाऱ्या दृश्यात पांढरे ठिपके लुकलुकतात. पीओपीवाला सोमवारी सीलिंग बंद करणार. दुसरी एचडीएमआय घेऊ, कॅट ६ (नेटवर्कची वायर) टाकू की ऑप्टिकल, म्हणजे आत काचेचे तंतू असलेली एचडीएमआय? एकच सांगा, उद्याच आणतो.

तारमास्तर
लांबी किती? सिग्नल कशातून येतोय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनाजाणता
मी अजूनही लाल-हिरवी-निळी कम्पोनंट वापरतो. एकदाही पडदा काळा झालेला नाही. नव्या केबलींचे नखरेच फार.

तारमास्तर
काका, त्यावरून ४के जातच नाही. त्यांना ४के बघायचंय.

सूरपेटी
साउंडबार अजिबात घेऊ नका. ५.१ स्पीकरचा सेट घ्या आणि सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका, आवाज घुमतो.

पहाटवारा
साउंडबारचं कुणी विचारलंय? रिसीव्हर आहे माझ्याकडे. स्ट्रीमिंग स्टिक रिसीव्हरला, तिथून केबल प्रोजेक्टरला. लांबी १२ मीटर असेल.

तारमास्तर
१२ मीटर! हे आधी सांगायचं ना. ४के, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं), एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा) म्हटलं की सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत डेटा जातो. तांब्याची साधी केबल पाच-सात मीटरपर्यंत हे झेपवते, पुढे सिग्नल क्षीण होतो. ठिपके त्याचेच. आत्ता एक करा, स्टिकच्या सेटिंगमध्ये १०८०पी निवडा. त्याला साडेचार गिगाबिटच लागतात. ठिपके गेले तर दोष केबलचाच.

खारावारा
गोल्ड प्लेटेडला नावं ठेवू नका हं. मी अलिबागला राहतो, साध्या पिना वर्षभरात हिरव्या पडतात.

तारमास्तर
गंजासाठी सोनं चांगलंच, पण त्याने वेग वाढत नाही. आणि खोक्यावरच्या '४के'वर जाऊ नका. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ आवृत्तीतही ४के होतं, पण ३० हर्ट्झपर्यंतच. 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८ गिगाबिट, 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. खोक्यावरचं प्रमाणपत्राचं लेबल स्कॅन करून बघा.

जोडणीवाला
माझं ऐका, कॅट ६ टाका आणि दोन्ही टोकांना एचडीबेसटीचे डबे, ते एचडीएमआयचा सिग्नल कॅट ६ वरून नेतात. ऑफिसांच्या मीटिंग रूममध्ये मी हेच बसवतो. उद्या नवं काही आलं तर डबे बदला, वायर तीच.

तारमास्तर
घरासाठी कशाला? स्वस्त डबे ३० हर्ट्झवर अडकतात, चांगले महाग पडतात. शिवाय छतात पॉवर पॉइंट लागेल. १२ मीटरला ऑप्टिकल एचडीएमआय सरळ.

जोडणीवाला
आणि पीओपीवाल्याने ती करकचून वाकवली की आतली काच तुटली! पॉवर पॉइंट प्रोजेक्टरला असतोच.

पहाटवारा
भांडू नका हो. १०८०पी करून तासभर बघितलं, एकही ठिपका नाही. म्हणजे केबलच. ऑप्टिकल आणतो.

खारावारा
थांबा! पाइप किती मिलिमीटरचा? वळणं किती?

पहाटवारा
२० चा, दोन एल्बो. का?

खारावारा
एचडीएमआयचं डोकं त्यातून जाणार नाही. मी भाऊजींच्या घरी पहिल्याच एल्बोला अडकवून बसलो होतो, शेवटी पाइप कापावा लागला. सीलिंग उघडं आहे तोवर २५ चा टाका, एल्बोऐवजी मोठा बेंड. नाहीतर डोकं निघणारी ऑप्टिकल घ्या, आत छोटी पिन असते.

जोडणीवाला
आणि पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा. केबल गेली तर नवी ओढता येईल. कॅट ६ पण टाकाच, एवढं माझं ऐका.

पहाटवारा
मोठा पाइप, दोन बेंड सांगितले. डोकं निघणारी १५ मीटरची आणली. आधी फरशीवर पसरून ४के ६० वर अख्खा सिनेमा बघितला, पडदा एकदाही गेला नाही. कॅट ६ आणि दोरीही टाकतोय. आता एका टोकावर 'सोर्स' लिहिलंय, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. उलटी टाकली तर चालेल?

तारमास्तर
नाही! ऑप्टिकल एकाच दिशेने चालते. 'डिस्प्ले' प्रोजेक्टरकडे. ओढण्याआधी दोन्ही टोकांना टेप लावून मार्करने लिहा.

सूरपेटी
सबवूफरची वायरही आत्ताच टाकून घ्या.

पहाटवारा
हे बरं आठवलं. किती मीटर लागेल?