मदत हवी आहे: खाली घेतलेल्या हायलक्सची मागची चाकं ट्रॅकवर आधी जाम होतात

रिकामा_हौदा
गाडी टोयोटा हायलक्स पिकअप, ४×२ सिंगल कॅब, एबीएस नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि कमानपाटे. पुढून ५० मिमी, मागून ७५ मिमी खाली घेतलेली. दुबई ऑटोड्रोमच्या ट्रॅक डेला वापरतो. पुढे ट्रॅकचे पॅड, मागे कंपनीचे लायनर. स्टेपनी काढून, चालकासकट काट्यावर पुढे ९०० किलो, मागे ६५० किलो.

मुख्य सरळ पट्टा संपताना जोरात ब्रेक दाबला की मागची दोन्ही चाकं आधी जाम होतात आणि शेपूट बाहेर येतं. पहिल्याच लॅपला, ब्रेक तापायच्या आधीही. मागच्या लाइनवर ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब हाताने कमी-जास्त करता येणारा) टाकू का? हौद्यात वाळूची पोती टाका असंही एकाने सुचवलंय.

बारा_तेराचा_पाना
पोती नकोत. ब्रेकची चूक झाकली जाईल, थांबवायला वजन वाढेल, आणि सुटलं तर पोतं काचेतून आत येईल.

पुढे जास्त पकडीचे पॅड असूनही मागचं आधी जाम होतंय, म्हणजे मागे दाबच जास्त जातोय. व्हॉल्व्हची खरेदी थांबवा, गाडीखाली जा आणि एलएसपीव्ही बघा, म्हणजे भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा कंपनीचा व्हॉल्व्ह. चासीला बोल्ट केलेला ठोकळा असतो, त्यातून निघालेली स्प्रिंगची दांडी लिंकने मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. तुम्ही चासी कायमची ७५ मिमी खाली आणलीत. त्या व्हॉल्व्हच्या लेखी हौद्यात सतत माल भरलेला आहे!

तपासायला: चाकं जमिनीवर ठेवून जॅकने फक्त चासी ७५ मिमी उचला, म्हणजे कंपनीची उंची. त्या वेळच्या दांडीच्या कोनाची रंगाने खूण करा. जॅक काढा आणि दांडी खुणेपासून किती सरकली ते बघा. मग ठोकळ्याचा ब्रॅकेट तेवढा वर घ्या किंवा लिंक आखूड करा, खालच्या उंचीवर दांडी खुणेवर आली पाहिजे. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेही बघा.

गरम_लायनर
+१. आकडेही हेच सांगतात. गुरुत्वमध्य ६०० मिमी उंचीवर, व्हीलबेस ३०८५ मिमी आणि ०.९ जीचं (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) ब्रेकिंग धरा. १५५० × ०.९ × ६०० ÷ ३०८५, म्हणजे सुमारे २७० किलो पुढे सरकतात. मागे उरतात ३८०, एकूण वजनाच्या चोवीस-पंचवीस टक्के. ओल्या ट्रॅकवर ०.५ जी धरलं तर मागे ५०० किलो राहतात, बत्तीस टक्के. म्हणून सेटिंग कोरड्यावर करायचं. कोरड्यावर पुढचं आधी जाम होणारी गाडी ओल्यावरही पुढूनच जाम होते. उलटं केलंत, ओल्यावर मागचं ब्रेकिंग अगदी काठावर आणून ठेवलंत, तर कोरड्यावर गाडी फिरणारच.

एलएसपीव्हीसोबत आणखी दोन गोष्टी तपासा. एक, जिथे जाम होतं तिथेच क्लच पूर्ण दाबून ब्रेक मारा. जाम होणं थांबलं तर दोष ब्रेकचा नाही, गिअर लवकर खाली पडतोय आणि इंजिन मागची चाकं अडवतंय. दोन, ड्रम उघडा. ड्रमचा पुढचा शू स्वतःच्याच ओढीने आणखी घट्ट होतो, त्यामुळे व्हील सिलेंडरमधून जरा तेल झिरपलं तरी ती बाजू एकदम पकडते. मात्र तेव्हा बहुतेक एकच चाक जाम होतं. तुमची दोन्ही होतात, म्हणून माझाही संशय व्हॉल्व्हवरच.

रिकामा_हौदा
दोघांचे आभार. दांडी खुणेपासून बरीच वर आहे. एलएसपीव्ही काढूनच टाकला आणि हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बसवला तर?

बारा_तेराचा_पाना
गाडीत पुन्हा माल भरायचा नसेल तरच. एलएसपीव्ही काढल्यावर भरलेल्या गाडीला मागे हवा तितका ब्रेक मिळत नाही. काढताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात: टोयोटाच्या या व्हॉल्व्हला पुढच्या सर्किटचीही एक लाइन येते, पुढचं सर्किट फुटलं तर मागे पूर्ण दाब जावा म्हणून. ती फांदी प्लगने बंद करावी लागते. टोयोटाचे आटे एम१०×१.०, बाजारातल्या बऱ्याच व्हॉल्व्हचे इंची. आटे जुळत नसतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवू नका, योग्य ॲडॉप्टर आणा.

नवा व्हॉल्व्ह फक्त मागच्या लाइनवर. जुना ठेवून त्याच्या मागे दुसरा जोडलात तर मागचा दाब दोनदा कापला जातो आणि कशाचा परिणाम कुठला ते कळत नाही. विलवूड कंपनीचा नॉबवाला घेतलात तर तो ठरवलेल्या दाबानंतरची वाढ जास्तीत जास्त ५७ टक्क्यांनी कापतो. हा ठरवलेला दाब, म्हणजे वळणबिंदू, ३० बारवर असेल तर पुढे ६० बार असताना मागे सुमारे ४३. त्याआधी दोन्हीकडे दाब सारखाच, म्हणून हलक्या ब्रेकला फरक जाणवणार नाही.

सेटिंग मागचा दाब सर्वात कमी ठेवून सुरू करा. टाकी जवळपास रिकामी, ब्रेक तापलेले, सरळ मोकळी जागा, वेग ८०. बाजूला उभा माणूस किंवा कॅमेरा चाकांवर. अर्धा-अर्धा फेरा वाढवत न्या, मागचं आधी जाम झालं की एक पूर्ण फेरा मागे घ्या आणि नॉबवर खूण करा.

गरम_लायनर
एक भर. पुढे कधी पाचव्या-सहाव्या लॅपलाच मागचं जाम व्हायला लागलं तर नॉबला हात लावू नका. तेव्हा मागचं वाढलेलं नसतं, पुढचं मेलेलं असतं. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरतायत. पेडल खोल आणि स्पंजी, तर तेल उकळलंय. डॉट ४ ब्रेक तेल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शिरला की ही खात्री १५५ वर येते.

रिकामा_हौदा
आधी ब्रॅकेटच वर घेतो. दाब मोजायला गेज कुठे लावायचे?

बारा_तेराचा_पाना
एक पुढच्या कॅलिपरच्या (हवा काढायच्या) निपलच्या जागी, एक मागच्या व्हील सिलेंडरच्या. १०० बारपर्यंतचे दोन सारखे घ्या. लावल्यावर आणि काढल्यावर हवा काढा. एलएसपीव्हीला स्वतःचा निपल असेल तर तोही सोडू नका, हवा तिथेच अडकते.