मदत हवी आहे: समुद्राकाठच्या गावासाठी सांडपाणी व्यवस्थापन क्षेत्र कसं उभं करायचं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

आमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. भुयारी गटार नाही. प्रत्येक घराचा आपापला सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. काही जुन्या घरांना टँकही नाही, सगळं थेट खड्ड्यात. जोराचा पाऊस झाला की खाडीतली शिंपली काढायला बंदी येते आणि उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाचा थर. गटार योजनेचा खर्च ऐकल्यावर सभेत कुणी ब्र काढला नाही. मग कुणीतरी 'सांडपाणी व्यवस्थापन क्षेत्र' सुचवलं, म्हणजे टँक घरोघरीच राहणार, पण तपासणी, उपसा आणि दुरुस्तीवर एका संस्थेची देखरेख. मी त्यावर एक शंका विचारली, म्हणून मलाच समितीत घातलं.

वाचल्यावर एवढं कळलं की अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने १९८७ साली कायदा करून गावांना अशी क्षेत्रं स्थापण्याचा अधिकार दिला. आमचं घोडं मात्र पहिल्याच पायरीवर अडलंय. हद्द कुठवर धरायची, सगळं गाव की फक्त किनाऱ्याची पट्टी? लोक म्हणतात, 'माझ्या परसात गावाचा माणूस कशाला?' त्यांना काय उत्तर द्यायचं? आणि वर्षातून दोन महिने उघडणाऱ्या घरांकडून पूर्ण शुल्क घ्यायचं का? कुणी असं काम जवळून पाहिलं असेल तर सांगा.

गाळमोजणी

हद्दीचं नंतर बघू. तुमच्या खाडीला नेमकं काय झालंय ते आधी ठरवा, कारण तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र सांगितलीत. शिंपल्यांवर बंदी येते ती विष्ठेतल्या जंतूंमुळे. शेवाळ वाढतं ते नायट्रोजनमुळे. पहिल्यावर तपासणी, उपसा आणि खड्डे बदलणं हा इलाज बऱ्यापैकी चालतो. दुसऱ्यावर चालत नाही. नीट चालणारा साधा सेप्टिक टँकसुद्धा नायट्रोजन फारसा अडवत नाही. वाळूतून नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन, पाण्याबरोबर सरळ खाडीत उतरतो. अमेरिकेतल्या केप कॉड या किनारपट्टीला हेच झालं, तिथल्या खाड्यांमध्ये जाणाऱ्या नायट्रोजनचा मोठा भाग चांगल्या चालणाऱ्या टँकमधूनच येतो. तिथे नायट्रोजन काढणाऱ्या सुधारित यंत्रणा किंवा गटार, यांतलं काहीतरी करावंच लागतं. 'दर तीन वर्षांनी उपसा केला की खाडी निवळेल' असं सभेत सांगून बसलात, तर पाच वर्षांनी लोक तुम्हालाच धरतील.

यातून हद्दीचंही उत्तर निघतं. जंतूंचा प्रश्न असेल तर किनाऱ्यालगतची आणि उथळ भूजलाची पट्टी आधी घ्या. ऱ्होड आयलंडने २००७ च्या कायद्यात भरतीच्या पाण्यापासून २०० फुटांच्या आतले, टँक नसलेले थेट खड्डे आधी बदलायला लावले. नायट्रोजनचा असेल तर खाडीचं सगळं पाणलोट क्षेत्र घ्यावं लागेल, मग त्यात शेजारचं गाव आलं तरी. पाण्याला गावाची शीव कळत नाही.

आता परसातला माणूस. नियमात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: आगाऊ सूचना देऊन तपासणीला आत येण्याचा हक्क, ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून घेण्याचा अधिकार, आणि मालकाने केली नाही तर क्षेत्राने करून खर्च मालमत्तेवर बोजा म्हणून चढवणं. तिसरी नसेल तर पहिल्या दोन कागदावरच राहतात. पण सुरुवात दंडाने करू नका. पहिलं वर्ष फक्त नोंदणीला द्या: टँक कुठे आहे, केवढा आहे, झाकण जमिनीच्या वर आहे की गाडलेलं. निम्म्या घरमालकांना स्वतःचा टँक कुठे पुरलाय तेच ठाऊक नसतं, हा माझा अनुभव.

भरती_ओहोटी

वरच्याशी सहमत, फक्त उपशाबद्दल एक भर. सरसकट 'दर तीन वर्षांनी' असा नियम करू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ढोबळ शिफारस तीन ते पाच वर्षांची आहे, पण तपासणीत गाळ मोजून पुढची तारीख ठरवणं बरं. गाळाचा वरचा थर बाहेर जाणाऱ्या नळाच्या १२ इंच जवळ आला, किंवा वर तरंगणाऱ्या तेलकट थराचा तळ नळाच्या ६ इंचांत आला, की उपसा. दोन महिने उघडणाऱ्या घराचं उत्तर यातच आहे. शुल्काचे दोन भाग करा: नोंदणी-तपासणीचा सगळ्यांना सारखा, आणि उपसा ज्याचा त्याला. मात्र ते घर भाड्याने जात असेल आणि चारजणांच्या टँकवर बाराजण राहत असतील, तर ते 'बंद घर' नव्हेच.

आणि तपासणी भरतीच्या दिवसांत किंवा ओल्या हंगामात करा. झिरपणाऱ्या पाण्याला शुद्ध व्हायला दोन ते चार फूट कोरडी माती लागते. कोरड्या दिवसांत ती दिसते, ओल्यात भूजल वर येऊन तिचा पत्ताच नसतो. समुद्राची पातळी वाढतेय तसतसं हे अंतर आणखी कमी होणार.

खाडीकाठ

@गाळमोजणी, दोन दुखणी वेगळी, हे आमच्या समितीत एकालाही सुचलं नव्हतं. पाण्याचे नमुने आहेत, पण फक्त जंतूंचे. नायट्रोजनचे घ्यायला सांगतो. ज्यांना खड्डा बदलणं परवडत नाही त्यांचं काय?

गाळमोजणी

कर्ज योजना हवीच. ऱ्होड आयलंडमध्ये राज्याचा फिरता निधी (परत आलेले हप्ते पुन्हा कर्जाऊ देणारा) आहे, त्यातून गावाच्या मार्फत घरमालकाला कमी व्याजाने कर्ज मिळतं. पण आधी गावाचा सांडपाणी आराखडा मंजूर असावा लागतो. तुमच्याकडे असा निधी आहे का ते आत्ताच विचारून ठेवा, कारण आराखड्याचा साचा बहुतेक वेळा निधी देणाराच ठरवतो.

जुना_सभासद

सगळं ठीक, पण उपसलेला मैला टाकणार कुठे? ते ठरल्याशिवाय एकही टँक उघडू नका. गाड्या रात्री खाडीतच रिकाम्या झालेल्या पाहिल्यात मी.

खाडीकाठ

जवळचं शुद्धीकरण केंद्र घेईल असं सगळे गृहीत धरून बसलेत, विचारलं कुणीच नाही. उद्या पत्र टाकतो. उत्तर आलं की इथेच लिहीन.