घातलेले पैसे गिऱ्हाइकानं का द्यायचे? (ओहायोच्या रायफलीवरून)

दहा पॉइंट नऊ
शिवाजी पेठेतल्या, आता ओहायोत असलेल्या भावानं काल पोस्ट टाकली. स्वतः जुळवलेली रुगर टेन-ट्वेंटीटू विकायची आहे, म्हणजे .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरते. जाड बॅरल, मॅच (स्पर्धेचा) ट्रिगर, अक्रोडाचा स्टॉक. सुट्या भागांना १,९०० डॉलर गेले, वर दोन हिवाळ्यांची मेहनत, म्हणून भाव २,४००. "घासाघीस करणाऱ्यांनी लांब राहावं" असा दमही भरलाय. इथपर्यंत त्याचा माल, त्याची मर्जी. पण शेवटी लिहितो, "अशी रायफल कोल्हापूरच्या पोरांना मिळाली असती तर पदकांची रांग लागली असती." हे वाचलं आणि डोकं सटकलं.

भावा, ५० मीटर रायफल स्पर्धेत प्रत्येक गोळी हातानं भरायची असते. तुझी दहा गोळ्यांची मॅगझिनवाली साहित्य तपासणीच्या टेबलावरूनच माघारी येईल. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं ते एकेक गोळी भरून. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तीही तशीच. टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. तिथं गोळ्या भराभर सोडून काय करायचंय?

आता भाव. फोटो मोठा करून बघा, गाल टेकवायचा उंचवटा उजव्या बाजूला आहे. म्हणजे भाऊ डावखुरा, आणि अंगठ्याची खाचही त्याच्याच हाताची. बहुतेक गिऱ्हाइकं तिथंच गेली. बॅरल दोन स्क्रूंवर निघतं, ट्रिगर दोन पिनांवर. मूळचं सामान परत बसव, भारी भाग सुटे विक. एवढं ऐकलंस तर निदान निम्मे सुटतील.

रंकाळ्याचा वारा
सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे कुचकामी, असं का? राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं सुवर्ण कशानं मारलं? .२२ चं सेमी-ऑटोमॅटिकच ना ते?

दहा पॉइंट नऊ
कुचकामी हा शब्द तुमचा. ते २५ मीटर पिस्तूल, इथं विषय रायफलचा. तिथं पाच-पाच गोळ्या भरून मारतात, सेमी-ऑटोमॅटिक चालतं. मान्य. झालं समाधान?

उद्यमनगरी
२,४०० डॉलर म्हणजे दोन लाखाच्या घरात की हो! एका नळीला आणि लाकडाला? आमच्या उद्यमनगरात ड्रॉइंग नसताना तुटका तुकडा बघून शाफ्ट करून देतात. ३५ वर्षं लेथवर उभा आहे. बॅरल सांगा, आठ दिवसांत देतो.

कोर्टाची पायरी
काका, परवाना नसताना बॅरल करायचं सोडाच, बंदूक दुरुस्त केली तरी शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. आठ दिवसांत बॅरल नाही, कळंब्याच्या तुरुंगात खोली मिळेल.

उद्यमनगरी
चोरून करतो म्हणालो का मी? वकिली घरी ठेवा. परवाना द्या मग बघा, एवढंच म्हणणं आहे. परदेशी शिक्का दिसला की माना लवतात, आमचा माल म्हटलं की "रेट कमी करा". वर पोरं लेथला यायला तयार नाहीत, एसीत सीएनसीची बटणं दाबायचीत सगळ्यांना. शिफ्टला चार माणसं होती, आता मी आणि एक म्हातारा.

रंकाळ्याचा वारा
रायफल राहिली बाजूला, उद्यमनगरची हलगी सुरू झाली.

उद्यमनगरी
वाजवणारच. तुमचा रंकाळा साफ करायची यंत्रं तरी कुठं दुरुस्त होतात?

दहा पॉइंट नऊ
काका, हाताबद्दल शंका नाही. पण सेमी-ऑटोमॅटिकचा चेंबर, म्हणजे बॅरलमधली गोळी बसायची जागा, फार घट्ट केला तर गोळी अडकते, सैल केला तर ग्रुप पसरतो, गोळ्या एका जागी लागत नाहीत. त्यात प्रत्येक बॅरलला काडतुसांचा वेगळा लॉट मानवतो. नुसत्या मायक्रॉननं भागत नाही.

उद्यमनगरी
हे आधी सांगायचं की. हे खरं काम आहे.

पन्हाळा रोड
तिकडं फोटो टाकून विकतात. इथं आजोबांची बारा बोअर विकायची तर घेणाऱ्याचा परवाना हवा, आधी लेखी कळवायचं, मग ४५ दिवस थांबायचं. २०१९ ला एका माणसाला तीन बंदुका चालायच्या त्याच्या दोन केल्या. निवडणूक लागली की पोलिसांकडे जमा करा. मागच्या खेपेला परत आणली तर नळीवर गंजाचे ठिपके. तेल कोण लावणार तिथं?

लेकीची आई
तुम्ही सगळे भावावर बोलताय म्हणून लिहिते. आमच्या लेकीनं बारावीनंतर नेमबाजी सोडली. एअर रायफल आणि जॅकेट तीन वर्षं माळ्यावर. शेवटी एका शिक्षकांच्या मुलाला निम्म्या किमतीत दिली. जॅकेट त्याला छातीत बसेना, म्हणून मीच बटणं उसवून पुढं लावली. त्या जाड कापडात सुई जाईना, पकडीनं ओढली. लेक घरी आली, टेबलावर उसवलेले दोरे बघितले आणि दोन दिवस बोलली नाही. त्या भाऊंनी २,४०० सांगितले तर सांगू द्या. बहुतेक त्यांना विकायचीच नसेल.

दहा पॉइंट नऊ
ताई, विकायची नसेल तर जाहिरात कशाला? पण ठीक आहे, "निम्मे सुटतील" जरा जोरात बोललो.

ओहायोतला पेठकर
सगळं वाचलं. डावखुरा मी नाही, बायको. स्टॉक तिच्या गालाला लावून लावून घासला होता. तिनं दोनदा उडवली आणि म्हणाली, कान दुखतात, त्यापेक्षा मला शिलाई मशीन घे. पदकांची ओळ पोस्टमधून काढून टाकली, ती माझी चूक. भाव तोच. दुसऱ्या राज्यातलं गिऱ्हाईक आलं तर डीलरमार्फतच द्यावी लागते, ती फी कोण भरणार हे कुणी विचारलंच नाही.

दहा पॉइंट नऊ
ओळ काढून टाकलीस, माझं भांडण मिटलं. १,५०० ला गेली की कळव.

उद्यमनगरी
भावा, त्या चेंबरचं माप पाठव. करत नाही काही, नुसतं बघायचंय.

कोर्टाची पायरी
काका!!