वर्गणीपेक्षा खड्डा महत्त्वाचा
फक्त वर्गणी भरणाऱ्यांनाच खेळू दिलं की गावचं क्रिकेटचं पिच टिकेल, हे पटत नाही. मेंबरच्या बुटाच्या स्पाइकनेही (तळाच्या खिळ्यांनी) खड्डा पडतोच, अन् आपल्याकडे तो मुरूम टाकून बुजवतात. काळ्या मातीत मुरूम धरत नाही, दुसऱ्या ओव्हरलाच भुगा बाहेर येतो. मॅच संपली की त्याच संध्याकाळी खड्ड्यातलं भुसभुशीत सगळं खरवडून काढा, कडा ओल्या करा. मग पिचचीच चाळलेली माती, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतपतच ओली, दोन-दोन इंचांच्या थरांनी धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोका. चिखल ओतला तर वाळताना आकसतो आणि कडेने भेग पडते. वर ओलं पोतं रात्रभर. आणि मॅचच्या पिचवर प्रॅक्टिस बंदच करा, बाजूला वेगळा पट्टा आखा.