रेडिओवर बायकांचा कार्यक्रम करायचाय, आपल्या खान्देशातल्या बायांना बोलतं कसं करायचं?

शिवारातली_लेक (चोपडा):
नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या कम्युनिटी रेडिओवर मला आठवड्याला अर्ध्या तासाचा स्लॉट मिळालाय, विषय बायकांचं कर्तृत्व, सुरुवात ८ मार्चला. कोणाला बोलवायचं विचारलं तर सगळ्यांनी तीच यादी दिली, डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी, नगरसेविका. त्यांच्याबद्दल आदरच आहे पण मला कापूस वेचणाऱ्या, बचत गटात पापड लाटणाऱ्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावश्या पण हव्यात आणि त्या तर लगेच म्हणतात "माले काय येस बोलता, त्या मॅडमले इचारा".
दुसरं म्हणजे मागे एकदा एका कार्यक्रमासाठी आमच्या गल्लीतल्या बायांकडून कानबाईची (श्रावणात खान्देशात घरोघरी बसवतात ती देवी) गाणी रेकॉर्ड करून नेली. त्यातली एक मावशी प्रसारणाच्या वेळी मोबाईलला कान लावून शेवटपर्यंत बसली, तिचाच आवाज सगळ्यात पुढे होता, पण नाव सांगितलं नुसतं "महिला मंडळ" आणि गावाचं. सात जणी गात होत्या, एकीचंही नाव नाही. मला हे अजिबात करायचं नाहीये. तर बोलतं कसं करू, आणि भाषा कुठली ठेवू?

जुना_श्रोता_अमळनेर:
ताई, फार चांगलं काम हाती घेतलंय. मी बरीच वर्षं रेडिओवर नैमित्तिक उद्घोषक होतो, त्यातून सांगतो, पहिल्या भेटीत त्यांना स्टुडिओत बोलवूच नका. बंद खोली, समोर माईक आणि लाल दिवा, चांगली बोलकी बाई पण "हो" आणि "नाही" वर येते. तुम्ही तिच्या कामाच्या जागी जा. मार्चमध्ये सुरू करताय ना, मग पापड-कुरडयांचे दिवसच आहेत, ओट्यावर चार जणी लाटायला बसल्या की हात चालू असतात आणि तोंड आपोआप मोकळं होतं. फक्त पंखा बंद करायला लावा, त्याची घरघर नंतर निघत नाही, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरा, आणि सुरुवातीला अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसता लाटण्याचा आवाज घ्या, एडिटिंगला सोन्यासारखा कामाला येतो.
प्रश्न कामाचे विचारा. "घर सांभाळून हे कसं जमतं" हा प्रश्न कृपा करून नको, पुरुषाला कोणी विचारत नाही. उडदाचं पीठ किती घट्ट भिजवता, ते कुटायचं कधी थांबवता, कापूस वेचायचा किलोचा भाव कोण ठरवतं, वजनाच्या वेळी काट्याजवळ कोण उभं असतं. बाई तिच्या कामातली जाणकार असते, त्या जागेवरून बोलायला लागली की "माले काय येस" आपोआप बंद होतं.

तापीकाठ:
भाषेचं म्हणाल तर जिची जी बोली तीच ठेवा. आणि खान्देश म्हणजे फक्त अहिराणी नाही हो, रावेर-यावलकडे लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी, वर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याला आदिवासींच्या पावरी नि भिलोरी. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर नि शेतात तोंडाने गाणी रचायच्या, मुलाने सोपानदेवांनी लिहून ठेवली म्हणून त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक आलं. त्यांची बोली कोणी प्रमाण करून छापली असती तर काय उरलं असतं? आज आपल्या खिशात रेकॉर्डर आहे, मग असोद्याच्या पुढच्या गावातल्या बाईचं गाणं वाया का जाऊ द्यायचं. पावरी असेल तर आधी दोन वाक्यांत मराठीत विषय सांगा, पण तिच्या आवाजावर तुमचा आवाज चढवू नका.

मीरा_धुळे:
वरच्या दोघांशी सहमत, पण शिकलेल्या बायकांना यादीतून काढू नका ही माझी कळकळीची विनंती. प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावातून पहिल्यांदा आमदार झाल्या, नंतर २००७ ला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्या एम. जे. कॉलेजात टेबल टेनिस खेळायच्या हे किती मुलींना माहितीये? गावातल्या पोरीला नुसतं पद सांगून उपयोग नाही, कॉलेजला जायची परवानगी कशी मिळाली, एसटी चुकली की काय करायची, फी कोणी भरली हे ऐकायचं असतं. नर्सताईला पण हेच विचारा.
आणि बायकांनीच रेडिओ चालवायचा हे काही नवीन नाही. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा उषा मेहता फक्त २२ वर्षांच्या होत्या. तेलंगणात २००८ पासून संघम रेडिओ आहे, तो दलित शेतकरी बायका चालवतात, आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी रेडिओ आहेच. कम्युनिटी रेडिओच्या धोरणातच आहे की निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवा, कोणी "या बायांचं कोण ऐकणार" म्हटलं तर तेच पुढे करा. पुढच्या वर्षी १३ फेब्रुवारीला एक खास भाग पण ठेवा, जागतिक रेडिओ दिन आणि सरोजिनी नायडूंची जयंती एकाच दिवशी येते.

शिवारातली_लेक:
खूप खूप आभार, डोळ्यासमोर वर्षच उभं राहिलं, आता पापड, मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाई, दसऱ्यानंतर कापूस. एक शंका राहिली. बोलताना बाई दारूचं, मारहाणीचं बोलून जाते, प्रसारण झाल्यावर घरात त्रास झाला तर?

जुना_श्रोता_अमळनेर:
ताई, तो धोका खराच आहे, म्हणून रेकॉर्डिंग झालं की तिथेच तिला पूर्ण ऐकवा, एकटीला, सासू-नवरा शेजारी नसताना, आणि ती म्हणेल ते निमूट काढून टाका, कितीही भारी वाक्य असलं तरी. असल्या विषयावर तिची इच्छा असेल तरच, आणि तेव्हा नाव-गाव बदलून. बाकी सगळ्या भागांत पूर्ण नाव सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे घ्या, गाणं असेल तर सातही जणींची. नाव कसं लावायचं, माहेरचं की सासरचं, ते तिलाच विचारा. क्लिप व्हॉट्सॲपवर तिच्या मोबाईलवर पाठवा, मुलाच्या नाही. आणि प्रसारणाची वेळ दुपारची घेऊ नका, त्या वेळी सगळ्या शेतात असतात, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी मागून घ्या नि दुसऱ्या दिवशी सकाळी रिपीट.