गाईच्या ढेकरावर कर: दौंडच्या गोठ्याला हा न्याय आहे का?

टेकडीवाली, कोथरूड
डेन्मार्कने ठरवलंय की २०३० पासून गाई-डुकरांच्या मिथेन वायूवर कर लावायचा. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात बदलून दर टनाला ३०० क्रोनर (तिकडचं चलन), पण ६० टक्के सूट धरून हातात पडणारा भार १२० क्रोनर. २०३५ पर्यंत तो ३०० होणार. न्यूझीलंडमध्ये २०२२ साली असाच प्रस्ताव आला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने तो बासनात बांधला.

मला हा कर रास्त वाटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ८० पट. पण हवेत टिकतो साधारण बाराच वर्षं. म्हणजे आज कमी केला तर आपल्याच डोळ्यांदेखत फरक पडेल. भारताच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे. मी गाडीच्या पेट्रोलवर कर भरते, मग माझ्या चहातल्या दुधाला माफी का? अवकाळी आणि गारपीट पहिल्यांदा शेतकऱ्याच्याच डोक्यावर कोसळते.

गोठेवाला, दौंड
ताई, तुमचा कर माझ्या गोठ्याला लावून बघतो. एक संकरित गाय वर्षाला ७० किलोच्या आसपास मिथेन सोडते असं धरू. गुणिले २८, म्हणजे जवळपास दोन टन. १२० क्रोनरचे होतात दीड हजार रुपये. गाईमागं वर्षाला तीन हजार. माझी गाय वेताला तीन हजार लिटर देते, म्हणजे लिटरला एक रुपया.

तुम्हाला एक रुपया किरकोळ वाटेल. पण दर पडले म्हणून २०२४ मध्ये सरकारला लिटरमागं पाच रुपये अनुदान द्यावं लागलं होतं, हे ध्यानात घ्या. दर आमच्या हातात नाही. संकलन केंद्रावर एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, साडेआठ टक्क्यांच्या खाली गेला की पॉइंटामागं कपात होते. सरकी पेंड महाग झाली तरी दरपत्रक तेच. तिकडच्या शेतकऱ्याला निदान युरोपचं अनुदान आहे. आम्ही रुपया कुणाकडून वसूल करायचा?

आणि भाकड गाईचं काय? २०१५ च्या कायद्यानं गोऱ्हे-बैलसुद्धा कत्तलीला जात नाहीत. एका हातानं सरकार म्हणणार जनावर सांभाळा, दुसऱ्या हातानं सांभाळल्याबद्दल पावती फाडणार. हा न्याय नाही.

रवंथ, शिवाजीनगर
जनावरांच्या आहारावर काम करते म्हणून एक मुद्दा घालते. बहुतेक मिथेन पोटाच्या पहिल्या कप्प्यात, चारा आंबताना तयार होतो आणि ढेकरावाटे बाहेर पडतो. नुसत्या वाळक्या कडब्यावरची, दिवसाला दोन लिटर देणारी गाय लिटरमागे कितीतरी जास्त मिथेन सोडते. मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) आणि संतुलित खुराकावरची पंधरा लिटरवाली बरीच कमी. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने गाईंचं संकरीकरण केलं ते मिथेनसाठी नव्हे, पण लिटरमागचं उत्सर्जन त्यानेही घटलं.

म्हणून कर डोक्यामागे लावा की लिटरमागे, मार बसणार तो दोन जनावरंवाल्या बाईलाच. मोठा गोठा आकडे सुधारून मोकळा होईल. माझा या कराला विरोध आहे.

हिशोबनीस, हडपसर
शेतकरी म्हटलं की सगळे एकाच दावणीला बांधतात, त्याला माझी हरकत आहे. शेतीच्या उत्पन्नाला १९६१ च्या आयकर कायद्यातच सूट दिली गेली, दहा गुंठेवाल्याला आणि शेकडो एकरवाल्यालाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून उसाला बेसुमार टाकला जातो. पिकाला न लागलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. दोन गाईंना हात लावू नका, पण दोनशे गाईंच्या फार्मवर कर लावायला काय हरकत आहे? तो धंदा आहे. धंद्याने धूर काढला तर भरपाई धंद्याने द्यावी.

इंद्रायणीचा तांदूळ, मावळ
आमच्या भाताचं अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खाचरात पाणी साचलं की मिथेन होतो, खरं आहे. मधे मधे खाचर सुकवलं तर कमी होतो, हेही खरं. पण आषाढात मावळात खाचर सुकवणार कसं? पाणी आम्ही सोडत नाही, आभाळ सोडतं.

टेकडीवाली, कोथरूड
भाकड गाईचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. गोठेवाले दादा, तिथे तुमचं बरोबर आहे. छोट्या गोठ्यावर कर नको, हे मान्य.

पण मग माझ्यावर लावा. दूध आम्ही पितो, पनीर आम्ही खातो. पिशवीमागे एक रुपया शहरात घ्या आणि तो गोबरगॅससाठी, खुराकासाठी गोठ्यात परत पाठवा. डेन्मार्कही सुरुवातीची वसुली शेतीच्याच बदलासाठी परत देणार आहे. काहीच करायचं नाही, हे उत्तर मला मान्य नाही.

गोठेवाला, दौंड
पिशवीवर लावलेला रुपया उलटा चालत संकलन केंद्रावर येतो, ताई. गिऱ्हाईक कमी झालं की खरेदीचा दर पाडतात. परत येणाऱ्या पैशाचं म्हणाल, तर ते पाच रुपये घ्यायला कानातला टॅग आणि बँक खातं जुळावं लागत होतं. माझ्या दोन गाईंचं जुळलं नाही, त्यांचे पैसे आजतागायत आले नाहीत.

माझ्याकडं गोबरगॅस आहे, नऊ वर्षं झाली. स्वयंपाक त्यावर होतो, स्लरी मक्याला जाते. तेवढा मिथेन मी चुलीत जाळतो, वर जाऊ देत नाही. त्याबद्दल आजवर एक रुपया कुणी दिला नाही, मोजायलाही कुणी आलं नाही. आधी ते मोजा, मग ढेकराचं बोलू.

टेकडीवाली, कोथरूड
टाकी केवढी आहे? शेण किती घालता? आपण इथेच मांडू हिशोब.

गोठेवाला, दौंड
दोन घनमीटर. रोज पन्नास किलो. लिहा.